मळेकरसाहेब आणि त्यांचं गाव

नवीन माणूस कामावर आला की आमचे साहेब त्याला नाव विचारत नसत, शिक्षण विचारत नसत, आधी कुठं नोकरी केलीस तेही विचारत नसत. खिशातून खडूचा तुकडा काढून त्याच्या हातात देत, वर्कशॉपच्या जमिनीवर पसरलेल्या मोठ्या लोखंडी पत्र्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, "गाव निकालो."

म्हणजे गावाचा नकाशा काढ. मशीद कुठं, विहीर कुठं, खाडी कुठल्या बाजूला, तुझं घर कुठलं. बिचारा माणूस चार दिवस आगबोटीत ओकून ओकून दुबईला उतरलेला असे. पायाखालची जमीन अजून हलत असे आणि इथं लाल तोंडाचा एक उंच गोरा त्याच्याकडून विहीर काढून घेई. काहींना वाटे, जमिनीचा दावा चाललाय. एकानं तर भाऊबंदांच्या भीतीनं आपला अर्धा हिस्सा काढलाच नाही.

ही साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा अमिरात हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता. पगार रुपयांत मिळे. मोठ्या आगबोटी खोल पाण्यात उभ्या राहत आणि आमची कंपनी त्यांच्यातला माल बार्जमधून खाडीत आणी. खाडीच्या काठावर आमचं वर्कशॉप. बार्ज ओढणाऱ्या टगबोटींची इंजिनं तिथं दुरुस्त होत. साहेब तिथले मुख्य. हाताखाली सगळे रत्नागिरीकडचे आमचे कोकणी मुसलमान, कुणी ड्रायव्हर, कुणी फिटर, कुणी खलाशी.

मी स्टोअरकीपर म्हणून आलो. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी पुढेही एकदोनदा सांगणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. माझा बाप जाळी विणायचा आणि मी इंग्रजी वाङ्मय घेऊन पास झालो. सर्टिफिकेट आईनं तिच्या निकाहाच्या ओढणीत गुंडाळून दिलं होतं. मी ते साहेबांपुढं धरलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, अदबीनं ग्रीसच्या डब्यावर ठेवलं आणि मला खडू दिला.

मी काढलं गाव. शाळा सगळ्यात मोठी काढली, मशीद तिच्या निम्मी, आणि आमचं घर शाळेला अगदी लागून. साहेब कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"घर स्कूल से कितना दूर?"

"साहेब, थोडं लांब."

"चलके कितना?"

"अर्धा तास."

"पढालिखा आदमी," साहेब बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "घर उठाके स्कूल के पास ले आया." सगळे हसले. मला राग आला. पण नोकरी मिळाली होती, आणि खरं सांगायचं तर नकाशा चुकला होता.

साहेबांचं हिंदुस्थानी मुंबईच्या गोदीतलं. बाप तिथं इंजिनिअर, जन्म तिथलाच, मग ग्लासगोला आत्याकडे शिक्षण, मग पुन्हा समुद्र. लग्न केलेलं नव्हतं. आडनाव डलग्लीश. आणि या आडनावावर त्यांचा जेवढा जीव होता तेवढा मी कुणाचा बायकोवर पाहिलेला नाही.

दहाच्या चहाला हा विषय निघे. निघे म्हणजे तेच काढत. "डलग्लीश नाम नहीं है," ते म्हणत, "जमीन है." त्यांच्या जुन्या भाषेत 'डल' म्हणजे नदीकाठचं शेत आणि 'ग्लीश' म्हणजे हिरवं. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सरहद्दीजवळ, डोंगरांच्या मधे एका ओढ्याच्या काठी ती जमीन. शेकडो वर्षांपूर्वी तिथं राहणाऱ्या कुणा माणसाला राजाच्या कारकुनानं विचारलं, तू कोण? तो म्हणाला, डलग्लीशचा. झालं, तेच नाव पडलं. माणूस आणि जमीन एकाच नावाची. पुढं त्या भागात सगळे एकमेकांची गुरं चोरत, तशी डलग्लीशांनीही चोरली. "चोर था," साहेब छाती पुढं काढून सांगत, "लेकिन जमीनवाला चोर." मग दिवस बदलले, शेतांची मेंढरांची कुरणं झाली, माणसं शहराकडे निघाली. कुणी पाद्री झाला, कुणी सुतार, कुणी बोटी बांधायला गेला. शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "जमीन वहीं रहा, नाम चल पडा."

पहिल्यांदा ही कथा ऐकून आमचे इस्माईलचाचा आंबेरकर कपातला चहा बशीत ओतत म्हणाले होते, "हां, म्हंजे साहेब मळेकर."

इस्माईलचाचा म्हणजे मोठ्या टगचे ड्रायव्हर, वर्कशॉपमधले सगळ्यात जुने, आंबेर गावचे. नदीकाठच्या शेताला आमच्याकडे मळाच म्हणतात, आणि मळ्याचा तो मळेकर, यात त्यांना अवघड असं काही दिसलं नाही. साहेबांनी मात्र चहा खाली ठेवला. "फिर से बोलो." चाचांनी पुन्हा सांगितलं. त्या दिवसापासून ते मळेकरसाहेब. ऑफिसच्या फोनवरही ते "मलेकर हिअर" म्हणत आणि पलीकडचे गोरे राँग नंबर समजून फोन ठेवत.

आमची 'कर'वाली आडनावं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं जगातली सगळ्यात शहाणी व्यवस्था. आंबेरकर आंबेरचा, मी करंजाळकर करंजाळीचा, विषय खलास. ज्यांची नावं हुद्द्यावरून पडलेली, कुणी सारंग, कुणी मुकादम, त्यांची साहेबांना कीव येई. "नौकरी-नाम," ते हळू आवाजात म्हणत, आजारी माणसाबद्दल बोलावं तसे. आमच्या सलीम मुकादमला त्यांनी आईचं गाव विचारून घेतलं आणि त्याला हजेरीच्या वेळी त्या गावाच्या नावानं हाक मारायला लागले. कंपनीचे मॅनेजर इंग्रज, नाव स्मिथ. त्यांच्याबद्दल साहेब एवढंच म्हणत, "लोहार है. गाव नहीं." मॅनेजरची गाडी फाटकातून आत आली की वर्कशॉपभर कुजबुज होई, "लोहार आला, लोहार आला," आणि मॅनेजरला वाटे हा आपला सलाम आहे.

स्वारी खुशीत असली की साहेब स्वतः पत्र्यावर बसून डलग्लीश काढत. आधी ओढा, टेकडी, शेत, एक चर्च. मी पाचसहा वर्षं ते चित्र बघत आलो. हळूहळू त्यात एक तर आली, माणसं पलीकडे नेणारी होडी. मग पायऱ्यांची विहीर आली. मग चर्चसमोर एक झाड आणि त्याला दगडी पार. स्कॉटलंडात पार असेल तर असेल. मी इंग्रजी वाङ्मयाचा बी.ए., पण मला अभ्यासाला असलेल्या पुस्तकांत तरी पार नव्हता. मी काही बोललो नाही. इस्माईलचाचांना मात्र ते गाव दरवर्षी जास्त पटत चाललं होतं.

एक खरं, साहेब कधी रजेवर त्या गावाला गेले नाहीत. रजा आली की इंजिन बिघडलेलं असे. नसलं तर साहेब उघडून ठेवत. शेवटी लोहारानं, म्हणजे मॅनेजरनं, हुकूम काढला: या उन्हाळ्यात रजेवर गेलंच पाहिजे, विमानाचं तिकीट कंपनी देईल.

बातमी आमच्यात पसरली आणि इथून सगळं हाताबाहेर गेलं.

आमच्याकडची रीत अशी. माणूस गावाला निघाला की तो एकटा निघत नाही, सगळ्या जमातीचं सामान त्याच्याबरोबर निघतं. प्रत्येक घरासाठी काहीतरी, मशिदीसाठी काहीतरी. त्यानं प्रत्येक उंबऱ्यावर जायचं, वस्तू द्यायची, बसायचं, आणि परतताना प्रत्येक घराची खबर आणायची. त्यात कसूर झाली तर माणूस आयुष्यातून उठला. आता आमच्या साहेबाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं गाव बघायला मिळणार आणि तो रिकाम्या हातानं जाणार? आमची लाज काय राहिली?

शुक्रवारी नमाजनंतर इस्माईलचाचा आणि चारजण साहेबांच्या बंगलीवर गेले. मी दुभाषा म्हणून गेलो. तशी गरज नव्हती, पण बी.ए. बरोबर असला की बरं दिसतं.

"साहेब, गाव में घर कितना?" चाचांनी विचारलं.

साहेब खुर्चीत सरळ झाले. मग म्हणाले, "क्यूं?"

"हिसाब करनेका हय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. "आंबेर में कितना?"

"चालीस."

"हमारा भी... चालीस."

"बघा!" चाचा आमच्याकडं वळून म्हणाले, "मी सांगत नव्हतो? आमच्याएवढाच हाय."

खजुराची चाळीस पुडकी झाली. प्रत्येक पुडकं मलमलीच्या फडक्यात बांधलेलं. म्हाताऱ्यांसाठी अत्तराच्या बाटल्या. मशिदीसाठी काय, यावर मोठी चर्चा झाली. सलीम मुकादम म्हणाला, तिथं मशीद नाही, चर्च आहे. चाचा म्हणाले, "अरे, वेळ बघून जातात ना तिथं पन? मग घड्याळ द्या." भिंतीवरचं टोल देणारं घड्याळ आलं. विमानाच्या माणसांनी सामानाचं वजन पाहिलं आणि साहेबांना विचारलं, आपण कायमचे चाललात का?

दोन महिन्यांनी साहेब परत आले. भांडं रिकामं परत करायचं नाही हे आमच्यात राहून ते शिकलेच होते. त्यांनी प्रत्येकासाठी लोकरीचे मोजे आणले होते. गावच्या बायकांनी विणलेले, असं सांगितलं. घोट्याच्या वर चार बोटं, मेंढीच्या वासाचे, जाड. ऑगस्ट महिना. दुबईचा ऑगस्ट ज्यांनी पाहिला नाही त्यांना मी काय सांगू! पण दुसऱ्या दिवशी अख्खं वर्कशॉप मोजे घालून कामावर. लोकांच्या पायांना पुरळ उठलं. इस्माईलचाचा जुम्म्याला मोजे घालून गेले आणि मशिदीच्या दारात ते अशा झोकात काढले की चौघांनी विचारावं. चौघांनी विचारलंच. "साहेबाच्या गावावरनं आले," चाचा म्हणाले.

मग खबर. सगळे गोल करून बसले आणि साहेबांनी घराघराची हकीकत सांगितली. पहिल्या घरात लग्न झालं, दुसऱ्याची गाय व्याली. सगळं बरं चाललंय. चाचा कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"साहेब, बीमार कोई नहीं?"

"नहीं."

"चालीस घर में एक भी नहीं? असा कसा गाव?"

साहेबांना घाम फुटला. मोज्यांचाही असेल. "है," ते म्हणाले. "तीसरा घर. बुढ्ढी है. जीन. बहुत बीमार."

चाचांचा चेहरा उतरला. पुढच्याच आगबोटीनं जाणाऱ्याबरोबर त्यांनी आंबेरला निरोप पाठवला, आणि तिथल्या मशिदीत जीन नावाच्या म्हातारीसाठी दुआ मागितली गेली. त्यानंतर दर शनिवारी सकाळी टग सुरू करायच्या आधी चाचा विचारत, "साहेब, जीनआजी कशी हाय?" साहेब म्हणत, "थोडा अच्छा." थोडं थोडं बरं वाटत वाटत सहा महिन्यांनी म्हातारी उठून बसली. साहेबांना वाटलं असेल, सुटलो. पण चाचांनी नवस केलेला होता. आंबेरला बकरा कापला गेला आणि अख्ख्या गावानं जीनआजीच्या नावानं जेवण केलं. ही बातमी इथं पोचली तेव्हा साहेब इंजिनखाली आडवे होते. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दोन वर्षांनी साहेबांची नोकरी संपली. वयाचा नियम होता. शेवटच्या शुक्रवारी दुपारी आम्ही त्यांना आंबेरवाल्यांच्या खोलीवर जेवायला बोलावलं. आमच्याकडं एका गावचे लोक एकाच खोलीत राहत, तशी ती बाजारामागची खोली. साहेब आत मांडी घालून बसले होते, माशाचे काटे आमच्यापेक्षा सफाईनं काढत होते, आणि जो तो त्यांना म्हणत होता, "साहेब, नशीबवान. गावाला चाललात." साहेब मान हलवत होते.

मी पाणी आणायला चुलीकडं गेलो तर इस्माईलचाचा डेगचीत डाव घालून नुसतेच उभे.

"काय झालं, चाचा?"

"काय नाय रे." मग डाव फिरवत म्हणाले, "माझ्या भावाचा घर रिकामा हाय आंबेरला. तो आफ्रिकेला गेला, आता येत नाय. पुढची खोली मोठी हाय, दरवाजा खाडीकडं. सकाळी तिथं बसला की खाडीतली तर जाताना दिसते. मना लय दिवस वाटत होता, साहेबाला सांगावा, चला आमच्यात. एकटा मानूस हाय, दोन भाकऱ्या माझ्या घरातनं गेल्या असत्या."

"मग सांगा ना."

"येडा हायस काय? त्याचा स्वताचा गाव हाय. चाळीस घरं वाट बघतात. मी बोलवला तर त्याला बिनगावचा केल्यासारखा होईल. तू शिकलेला, तुला एवढा कळत नाय?"

मला पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या लँडरोव्हरमधून साहेबांना विमानतळावर सोडायला मी गेलो. बाकीचे कामावर होते, आगबोट आली होती. सामान म्हणाल तर एक पेटी. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "साहेब, जीनआजीला आमचा सलाम सांगा."

साहेब बाहेर वाळूकडं बघत होते. "करंजालकर," ते म्हणाले, "वहां एक घर है."

मला कळलं नाही.

"एक. डलग्लीश में. एक घर, दो कुत्ता, बाकी बकरी." मेंढीला ते बकरीच म्हणत. "और वो लोग डलग्लीश नहीं है. डलग्लीश लोग कब का गया. मेरा दादा का दादा ने भी नहीं देखा."

मग ते सांगत गेले. त्या घरातल्या बाईनं दार उघडलं. यांनी आपलं नाव सांगितलं. ती म्हणाली, असं का, नाव छान आहे. चहा दिला. एक पुडकं तिनं घेतलं, उरली एकोणचाळीस. मग साहेब त्या दरीत खाली उतरत गेले, दिसेल त्या दारावर थाप मारत, खजुराचं पुडकं पुढं करत. काहींनी घेतलं, काहींना वाटलं विकायला आलाय. दूरच्या एका चर्चनं घड्याळ घेतलं. लोक विचारत, हे कुणी पाठवलंय? तुम्ही कुठले?

"तो आपने क्या बोला?"

"मैं बोला, आंबेर का. उधर खाडी है, तर है, मशीद के सामने पार है." साहेबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "और क्या बोलेगा?"

मोजे सगळे एकाच दुकानातून घेतले होते. आता ते ग्लासगोला चालले होते, बंदराजवळ भाड्याच्या खोलीत. तिथं ओळखीचं कुणी उरलेलं नव्हतं.

मी गाडी हळू केली. आणि काल चुलीपाशी ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. भावाचं रिकामं घर, पुढची खोली, दोन भाकऱ्या. म्हणालो, "साहेब, गाडी वळवतो. चाचा खाडीवरच असतील. त्यांना फक्त एवढं सांगा की गाव नाही. ते आज आगबोटीचं तिकीट काढून देतील."

साहेबांच्या तोंडावर असं काही आलं की मला वाटलं, हो म्हणणार. त्यांनी दाराच्या कडीवर हातही ठेवला. मग काढला.

"उसने बकरा काटा, करंजालकर," ते म्हणाले. "जीन के लिए. पूरा गाव ने खाया. अब मैं उसी गाव में जाके बैठेगा, और बोलेगा, जीन नहीं है?"

मी गाडी पुन्हा पुढं घेतली. आज इतक्या वर्षांनीही ते बोलणं आठवतं. कधी वाटतं, चाचा हसले असते. कधी वाटतं, नसते हसले. पुढं साहेबांचं काय झालं कुणालाच कळलं नाही. चाचा अखेरपर्यंत म्हणत, गावात गेला मानूस, आपली आठवन कशाला काढील.

विमानतळ आला. तेव्हा विमानतळ म्हणजे एक बैठी इमारत आणि पुढं सपाट जमीन. विमान उभं होतं, लोक चढत होते. मी उतरून पेटी काढली. साहेब जागचे हलले नाहीत.

"वो खोली," ते म्हणाले, "दरवाजा किधर बोला?"

"खाडीकडं, साहेब."

"वहां से तर दिखता है?"

"सकाळी. जाताना दिसते."

"और रोटी?"

"चाचांच्या घरातनं येणार होती."

विमानाकडचा माणूस हात हलवून आम्हाला बोलावत होता. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्या बाजूची काच वर केली.

"फिर से बोलो," ते म्हणाले. "शुरू से."

मी पेटी वाळूत ठेवली, परत आत येऊन बसलो आणि सुरुवातीपासून सांगायला लागलो.